कर्मणी, मजहूल, पॅसिव्ह : एका वाक्याचा इतिहास

या स्मरणिकेत शाळेच्या इमारतीचा, पटांगणाचा, गॅदरिंगचा आणि कबड्डीच्या संघाचा इतिहास इतर मित्र लिहीत आहेत. माझ्या वाट्याला काय उरते याचा विचार केला आणि एका वाक्याचा इतिहास लिहायचे ठरवले. वाक्य तुम्हा सर्वांना पाठ आहे. ‘राम ईट्स अ मँगो.’ आणि त्याचे उलटे, ‘अ मँगो इज ईटन बाय राम.’ नववीच्या वर्गात फळ्यावर दोन तिरपे बाण निघायचे. राम उजवीकडे जायचा, आंबा डावीकडे यायचा, मध्ये ‘टु बी’चे एक रूप बसायचे, क्रियापदाचे तिसरे रूप यायचे आणि शेवटी रामाच्या गळ्यात ‘बाय’ची घंटा बांधली जायची. वर्गात कुणीही ‘हे वाक्य कधी बोलायचे?’ असे विचारले नाही. आंबा खायचा असतो, तो रामाकडून खाल्ला जात असतो असे कुणाच्या घरी कुणी म्हणत नव्हते. पण एक मार्क होता, ‘चेंज द व्हॉइस’चा.

तुमच्यापैकी बहुतेकांनी तो आंबा दहावीनंतर टाकून दिला. माझ्यामागे तो निवृत्तीपर्यंत राहिला, कारण मी पुढे इंग्रजीचाच मास्तर झालो. इतकी वर्षे वह्या तपासताना एक गोष्ट लक्षात आली. पॅसिव्ह व्हॉइसमध्ये आपल्या भागातली मुले ज्या चुका करतात त्या भलत्यासलत्या नसतात. त्या ठरलेल्या असतात. ढोकीचा मुलगा, तेरचा मुलगा, मुरूडचा मुलगा, तिघे एकमेकांची वही न बघता तीच चूक करतात. अशा चुकीला इतिहास असतो. पिट कॉर्डर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ साली एका गाजलेल्या लेखात हेच मांडले होते, की शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्याच्या डोक्यात कोणता नियम चालू आहे याचा पुरावा. आपल्या डोक्यात कोणते नियम चालू होते आणि ते कुठून आले, ते सांगतो.

आधी नावाची गोष्ट. मराठीचे व्याकरण इंग्रजीतून लिहिण्याची सुरुवात विल्यम केरीने १८०५ साली सेरामपूरला केली. मराठी माणसाने मराठीतून लिहिलेले, गाजलेले व्याकरण आले ते १८३६ साली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे. पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले आणि कर्तरी, कर्मणी, भावे हे तीन प्रयोग त्यांच्या पोटभेदांसह पक्के झाले. ही नावे संस्कृतातून घेतलेली. मराठीत प्रयोग ओळखायची खूण आपण सर्वांनी घोकली आहे : क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते ते पाहा. आंब्याऐवजी आपल्याकडचे उदाहरण घेऊ. गड्याने ऊस तोडला. गड्याने मोळी बांधली. गड्याने वाढे कापले. गडी तोच, पण क्रियापद ऊस, मोळी आणि वाढे यांच्या मागे फिरते. कर्माच्या मागे फिरते म्हणून प्रयोग कर्मणी. इथपर्यंत सगळे बरोबर आहे.

घोटाळा झाला तो पुढे, गाइडांत आणि पाठमालांत. ‘ॲक्टिव्ह व्हॉइस म्हणजे कर्तरी प्रयोग, पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग’ अशी दोन ओळींची चौकट कुणीतरी छापली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या उतरवली गेली. इंग्रजीत व्हॉइस ठरतो तो वाक्याच्या तोंडाशी कोणाला बसवले यावरून. मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाचे ऐकते यावरून. या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘गड्याने ऊस तोडला’ या वाक्यात गडी पुढे आहे, बोलणेही गड्याबद्दल आहे. इंग्रजीत हे सरळ ॲक्टिव्ह वाक्य झाले. पण मुलाला चौकट पाठ असते : ‘ने’ आला की कर्मणी, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह आणि ‘ने’ म्हणजे ‘बाय’. मग तो लिहितो, ‘बाय लेबरर द केन कट.’ आपण लाल शाईने गोल काढतो. त्याने मात्र सांगितले तेच केलेले असते, आणि प्रामाणिकपणे केलेले असते.

बरे, त्याच्या बाजूने आणखी मोठा साक्षीदार आहे. संस्कृतात ‘रामेण आम्रः खादितः’ हे खरोखरचे पॅसिव्ह वाक्य होते. प्राकृतातून येता येता हीच रचना मराठीचा साधा भूतकाळ होऊन बसली. ‘रामेण’चे ‘रामाने’ झाले, ‘खादितः’च्या जागी ‘खाल्ला’ आले. हाडांचा सापळा पॅसिव्हचा राहिला, जीव मात्र ॲक्टिव्हचा झाला. म्हणजे ‘ने म्हणजे बाय’ म्हणणारा मुलगा हजार-दीड हजार वर्षे उशिरा आला, एवढाच त्याचा अपराध. हिंदी-उर्दूतही तेच झाले, ‘राम ने आम खाया’.

आपल्या आज्या-आयांच्या बोलण्यात या सापळ्याची एक बरगडी अजून दिसते. पुस्तकात ‘मी भाकरी खाल्ली’ असते. ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. पण आपल्या घरात ‘म्या भाकर खाल्ली’, ‘म्या न्हाई केलं’ असेच ऐकू यायचे. हा ‘म्या’ म्हणजे जुना ‘म्यां’, म्हणजे ‘माझ्याने, माझ्याकडून’. शाळेत तो अशुद्ध ठरला आणि आपण ‘मी’ म्हणायला शिकलो. त्यामुळे नवी पंचाईत झाली. ‘रामाने’चा ‘बाय राम’ होतो, मग ‘मी’चा काय होणार? ‘बाय आय.’ माझ्या हाताखालून गेलेल्या वह्यांत ‘बाय आय’ इतक्या वेळा आला आहे की ती दोन अक्षरे डोळे मिटूनही दिसतात. ‘म्या’ जर वर्गात चालला असता तर ‘म्या म्हणजे बाय मी’ हे समजावणे किती सोपे गेले असते! बोलीला शुद्ध करताना आपण हाताशी असलेले एक अवजार फेकून दिले, असे माझे मत आहे. मराठीच्या बाईंना हे पटणार नाही, पण त्या रागावणार नाहीत एवढी ओळख आहे.

आणखी मागे गेलो तर आपल्या शेजारच्या गावापर्यंत पोचतो. गोरोबाकाका तेरचे, आणि जुने लोक तेर आणि ढोकी वेगळे म्हणतच नाहीत, ‘तेरढोकी’ असेच म्हणतात. त्या तेराव्या शतकातल्या मराठीत एका शब्दाचे, आखूड असे पॅसिव्ह होते. क्रियापदाला ‘-ज’ लागायचा : कीजे, बोलिजे, म्हणिजे. ‘केले जाते, बोलले जाते, म्हटले जाते.’ दामल्यांनी याला पुराण कर्मणी म्हटले. ते मेले असे आपण समजतो, पण त्यातला एक शब्द रोज तोंडात आहे, ‘पाहिजे’. मुळात त्याचा अर्थ ‘पाहिले जाते, शोधले जाते’ असा. म्हणूनच ‘मला पाणी पाहिजे’ म्हणताना ‘मी’ कर्ता नसतो आणि ‘दोन वह्या पाहिजेत’ म्हणताना क्रियापद वह्यांच्या मागे जाते. दुकानात जाऊन ‘पाव किलो साखर पाहिजे’ म्हणणारा प्रत्येक माणूस सातशे वर्षांचे जुने पॅसिव्ह बिनचूक वापरतो.

आता निजामाच्या काळाकडे येतो. आपल्या मागच्या पिढीच्या इंग्रजीचा इतिहास पुण्या-मुंबईच्या इतिहासाहून निराळा आहे आणि तो सहसा लिहिला जात नाही. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. सरकारी शाळांत प्राथमिकच्या पुढे बहुतेक ठिकाणी उर्दूच. म्हणजे ढोकीच्या ज्या पोराला त्या काळात मिडलच्या पुढे जायचे असेल त्याने घरी मराठी बोलायची, शाळेत उर्दूतून शिकायचे आणि इंग्रजी हा विषय उर्दूतून समजून घ्यायचा. माझे एक चुलत आजोबा तसे शिकलेले होते. मी नववीत असताना ते ओसरीवर बसून माझी वही चाळत आणि पॅसिव्हच्या पानावर आले की म्हणत, “हे तर मजहूल.”

मला तो शब्द तेव्हा कळला नाही. नोकरीत आल्यावर उर्दूच्या एका सहकाऱ्याकडून समजला. अरबी व्याकरणातून उर्दूत आलेली ही जोडी आहे. ॲक्टिव्ह म्हणजे ‘मारूफ’, माहीत असलेला. पॅसिव्ह म्हणजे ‘मजहूल’, माहीत नसलेला. ज्या क्रियापदाचा कर्ता माहीत आहे ते मारूफ. ज्याचा कर्ता माहीत नाही, किंवा सांगायचा नाही, ते मजहूल. तीन भाषांच्या व्याकरणांनी एकाच गोष्टीला तीन नावे दिली. इंग्रजी ‘पॅसिव्ह’ म्हणते, म्हणजे सोसणारा. संस्कृत-मराठी ‘कर्मणी’ म्हणते, म्हणजे कर्माच्या मागे जाणारे. अरबी-उर्दू ‘मजहूल’ म्हणते, म्हणजे कर्ता अज्ञात. इंग्रजी लिखाणात पॅसिव्ह खरोखर कशासाठी वापरतात ते या तिघांत ‘मजहूल’ हे नाव सर्वांत नेमके सांगते. इंग्रजी पुस्तक उघडून पाहा. पॅसिव्हच्या बहुतेक वाक्यांत ‘बाय’ नसतोच. रूळ ओलांडू नका म्हणून रेल्वेच्या हद्दीत लावलेली पाटी आपण सर्वांनी वाचली आहे, ‘ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्युटेड.’ खटला कोण भरणार? सांगितलेले नाही. सांगायची गरजही नाही, धाक पुरेसा आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेले, उर्दू माध्यम गेले आणि त्याबरोबर ‘मजहूल’ही गेला. शाळा मराठी झाल्या, हे झाले ते उत्तमच. पण पुस्तके आणि गाइडे आली ती मुंबई इलाख्याच्या वळणाची. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण १९३० च्या दशकात निघाले होते, त्याची छाया प्रत्येक नोट्‌सवर होती. (यातले रेन साहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि साहेबांच्या देशात ते व्याकरणकार म्हणून नव्हे तर ‘ब्यू जेस्ट’ या साहसकथेचे लेखक म्हणून ओळखले जातात. ज्याने वाळवंटातल्या लढाया लिहिल्या त्याच्याच नावावर आपली व्हॉइसची पाने भरावीत, हा योग मजेचा आहे.) १९७२ नंतर दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला, १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवली आणि नववीत आम्हाला व्हॉइस भेटला, म्हणजे इंग्रजी वाक्य स्वतः बोलून पाहण्याआधीच ते उलटे करायला शिकलो.

सरांचा यात दोष नव्हता. साठ-सत्तर पोरांचा वर्ग, एक फळा, आणि परीक्षेत येणार ते शिकवायचे हे पालकांचेच म्हणणे. बाणांची रीत त्यातल्या त्यात दयाळू होती, कारण गणितासारखी होती. आणि गणित आपल्याला यायचे.

आपल्या तुकडीतला एक मित्र, नाव घेत नाही, गणितात पहिल्या पाचांत असायचा. मार्चला तो इंग्रजीत राहिला, ऑक्टोबरला राहिला, पुढच्या मार्चला पुन्हा राहिला. मग वडिलांनी कासरा हातात दिला. मुलींना तेवढीही मुदत नव्हती. एक ऑक्टोबर गेला की उन्हाळ्यात मांडव पडायचा. या मेळाव्याच्या यादीत ज्यांचे पत्ते सापडायला सर्वांत जास्त वेळ लागला, त्यांत दहावीत इंग्रजीने अडवलेलेच जास्त आहेत, हे यादी करणारे मित्र सांगतील. तो मित्र मला एकदा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, “आपल्याला डोकंच नव्हतं रे.” हा लेख त्या वाक्यासाठी लिहितो आहे. ते वाक्य खोटे आहे हे दाखवायला माझ्याकडे व्याकरणाखेरीज दुसरे साधन नाही.

मग चुकाच पाहू. सर्वांत पसरलेली चूक ‘बाय’ची नाहीच. ती ही आहे : ‘ही वॉज केम.’ ‘द बस वॉज वेंट.’ ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड.’ ‘माय ग्रँडफादर वॉज डाइड.’ वरवर पाहता वाटते की मुलाला काहीच कळत नाही. आता शेजारी मराठी ठेवा. तो आला होता. बस गेली होती. अपघात झाला होता. आजोबा वारले होते. प्रत्येक ‘होता’च्या जागी त्याने ‘वॉज’ ठेवला आहे, एकही सोडलेला नाही. आणि गंमत अशी की खुद्द इंग्रजीतही एके काळी जाणे-येण्याच्या क्रियापदांना ‘टु बी’च लागत असे. १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘इज कम’, ‘इज रिझन’ अशी रूपे आहेत. जर्मन आणि फ्रेंच माणूस आजही ‘मी आलेला आहे’ असेच म्हणतो. इंग्रजीने मधल्या काळात मत बदलले आणि ते ढोकीला कुणी कळवले नाही.

दुसरी चूक : ‘द लेटर वॉज रोट बाय हिम.’ ‘रिटन’ऐवजी ‘रोट’. मराठीत ‘त्याने पत्र लिहिले’ आणि ‘पत्र लिहिले गेले’ या दोन्हींत ‘लिहिले’ एकच. आपल्याला दुसरे रूप आणि तिसरे रूप असा भेद घरातून मिळत नाही. तो ‘गो-वेंट-गॉन’च्या तक्त्यातून पाठ करावा लागतो. तक्ता भिंतीवर राहतो, परीक्षेच्या हॉलमध्ये येत नाही.

तिसरी : ‘अ न्यू हाउस इज बिल्डिंग.’ नवीन घर बांधत आहेत, बांधले जात आहे, या अर्थाने. यावर मी पुष्कळ वर्षे हसत आलो, तोवर मला इंग्रजीचा इतिहास वाचायला मिळाला. अठराव्या शतकात इंग्रज स्वतः ‘द हाउस इज बिल्डिंग’ असेच म्हणत. ‘इज बीइंग बिल्ट’ ही रचना त्या शतकाच्या अखेरीस उगवली आणि एकोणिसाव्या शतकात कितीतरी पंडित तिला बेढब, असंस्कृत म्हणून नावे ठेवत होते. दादोबा मुंबईत मराठीचे व्याकरण छापत होते तेव्हा जे रूप इंग्रजांनाच पुरते पचलेले नव्हते, ते आपल्या नववीच्या पोरांना एका तासात पचावे अशी अपेक्षा होती.

याच्या उलट दिशेनेही एक रस्ता आहे. इंग्रजी पॅसिव्हने मराठीच बदलली. ‘रामाकडून रावण मारला गेला’ हे वाक्य मो. रा. वाळंब्यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’मधून सर्वांनी वाचले असेल. या रचनेला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात आणि ती इंग्रजीच्या पॅसिव्हची मराठी प्रत आहे. पण आपल्या कानाला त्यात काही खटकते ना? याचे कारण ‘कडून’. बोलीत ‘माझ्याकडून कप फुटला’, ‘माझ्याकडून सांगायचं राहिलं’ असे आपण म्हणतो तेव्हा अर्थ असतो : मुद्दाम नव्हे, चुकून. त्यामुळे ‘रामाकडून रावण मारला गेला’ ऐकले की वाटते, बिचाऱ्या रामाच्या मनात नव्हते, पण बाण सुटला. रविवारच्या बाजारातून येऊन कुणी ‘माझ्याकडून मेथीची जुडी घेतली गेली’ म्हणाले, तर घरचे आधी कपाळाला हात लावून ताप बघतील.

मग कर्ता लपवायचा असेल तर मराठी माणूस काय करतो? त्याच्याकडे कितीतरी वाटा आहेत, आणि इंग्रजीच्या तासाला त्यांतली एकही कामाला आली नाही. सायकल ‘चोरीला जाते’. जमीन ‘लिलावात निघते’. पूल ‘वाहून जातो’. आणि विद्यार्थी ‘मार खातो’. ही शेवटची रचना तर अस्सल पॅसिव्ह आहे, फक्त कपडे ॲक्टिव्हचे. एका मुलाने मला लिहून दिले होते, ‘यस्टर्डे आय एट बीटिंग.’ कर्ता कोण हे त्याने लिहिले नव्हते. वर्गात सर्वांना ठाऊक होते. दुसरीकडे, मराठी बातमीला कर्त्याशिवाय इतके चुकल्यासारखे होते की तो नसला तर ती तयार करते : ‘अज्ञात चोरट्याने मोटारसायकल पळवली.’ इंग्रजीत नुसते ‘वॉज स्टोलन’ म्हटले की झाले.

आणि सरकारी मराठी! १९६० साली भाषा संचालनालय निघाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला आणि कारभार मराठीत आला तो ‘-ण्यात येते’ घेऊन. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’, ‘शाळा उद्या बंद ठेवण्यात येईल’, ‘ऊस तोडणीचा कार्यक्रम जाहीर करण्यात येत आहे’. हे शंभर टक्के मजहूल आहे. कोण कळवतो, कोण बंद ठेवतो? खुर्ची. साखर कारखान्याच्या गावात वाढलेल्या पोराने दहावीपर्यंत अशा सूचना शेकड्याने वाचलेल्या असतात आणि त्यांचा अर्थ त्याला कधीच अडत नाही. ‘द स्कूल विल बी क्लोज्ड टुमॉरो’ हे त्याला रामाच्या आंब्यापेक्षा कितीतरी जवळचे आहे. बाण नको, ‘बाय’ नको, फक्त फलकाकडे बोट दाखवले की पुरे.

हे मला ३० सप्टेंबर १९९३ नंतर नीट समजले. त्या पहाटे किल्लारी-सास्तूरला काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या भागातही जमीन हलली होती. मी तेव्हा जिल्ह्यातल्याच एका शाळेवर होतो. सहामाहीला इंग्रजी निबंधात मुलांनी दुसरे काही लिहिलेच नाही. आणि वहीमागून वही, ‘मेनी पीपल वेअर डाइड.’ तास घेतला तेव्हा मी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली : एक नुसते ‘डाइड’चे, दुसरे ‘वेअर किल्ड’चे. दोन्ही बरोबर आहेत, म्हणालो. एक मुलगा उभा राहिला. त्याचे आजोळ त्या गावांपैकी एक होते.

“सर, किल्ड म्हंजे मारलं ना?”

“हो.”

“मग ते चूक आहे. त्यांना कुणी मारलं न्हाई. झोपेत गेले ते.”

इंग्रजीत ‘वेअर किल्ड’ म्हटले की मारणारा असावाच लागतो असे नाही. भूकंप, अपघात, वीज, काहीही चालते. मी त्याला हे सांगितले. पण सांगता सांगता मराठी डोळ्यांपुढे आली. आपण ‘मारले गेले’ म्हणतो ते युद्धात, चकमकीत, भांडणात. भूकंपात माणसे ‘गाडली जातात’, ‘मृत्युमुखी पडतात’. मराठीचे ते ‘जाणे’वाले पॅसिव्ह पुस्तकात निर्जीव वाटते, पण अशा जागी ते जिवंत होते : गाडला गेला, चिरडला गेला, फसवला गेला, नागवला गेला. ज्याच्यावर कोसळते त्याच्या बाजूने बोलताना आपण ते आपोआप वापरतो. मी त्या मुलाला विचारले, “गाडली गेली, कुणी गाडली?” तो थोडा वेळ गप्प राहिला. “कुणी न्हाई,” म्हणाला. मी म्हणालो, “तेच हे. इंग्रजी विचारत नाही कुणी.” त्याने तरीही वहीत ‘डाइड’च लिहिले, आधीचा ‘वेअर’ खोडून. मी बरोबरची खूण केली. चुलत आजोबांचा ‘मजहूल’ मला त्या तासाला खऱ्या अर्थाने कळला.

त्यानंतर मी पॅसिव्हची सुरुवात बाणांनी कधी केली नाही. नोटीस बोर्डावरची मराठी सूचना आणि रेल्वेची पाटी घ्यायची, कर्ता कुठे आहे ते शोधायला लावायचे, सापडत नाही म्हणून मुले हसली की मग इंग्रजी. ‘बाय’ सर्वांत शेवटी, तोही क्वचित लागतो असे सांगून. चमत्कार झाला असे म्हणणार नाही. ‘बाय आय’ जवळजवळ संपला, ‘रोट’ कमी झाला, ‘वॉज केम’ मात्र निवृत्तीच्या दिवसापर्यंत माझ्याबरोबर होता. त्याचे मूळ फार खोल आहे, घरातल्या ‘आला होता’मध्ये.

२००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आले. आता ढोकीचे सहा वर्षांचे पोर ॲपल-बॉल म्हणते. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत ‘चेंज द व्हॉइस’ मात्र अजून भेटतो, आणि गाइडातली ती दोन ओळींची चौकटही.

मेळाव्याच्या तयारीसाठी मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. गणितात पहिल्या पाचांतला तो मित्र पारावर भेटला. बोलता बोलता त्याचा मोबाइल वाजला. चष्मा वर करून त्याने बँकेचा मेसेज वाचला. इंग्रजीत होता, ‘हॅज बीन क्रेडिटेड’. मी मुद्दाम विचारले, “काय म्हणतंय?”

“पैसे जमा झालेत.”

“कुणी टाकले?”

त्याने पुन्हा एकदा मेसेज खालीवर बघितला. “ते लिहिलेलं न्हाई,” म्हणाला. “पण बहुतेक उसाचं बिल असंल. बँकेत जाऊन इचारतो.” आणि फोन बंडीच्या खिशात टाकला.